आंब्याचा दवाखाना

आमच्याकडं जुनी माणसं अंबाजोगाईला अंबाजोगाई म्हणत नाहीत. ‘आंब्याला चाललो’ म्हणतात. जोगाईचं आंबं हे गावाचं जुनं नाव. त्यातही ‘आंब्याला नेलाय’ असं कुणाबद्दल म्हटलं की ऐकणारा पुढं फक्त ‘कोणत्या वार्डात?’ एवढंच विचारतो. देवीच्या दर्शनाला गेला असेल असं कुणाच्या मनात येत नाही. युसूफ वडगावात आणि आसपासच्या केज तालुक्यात गेली पन्नास वर्षं आंब्याला नेणं म्हणजे मोठ्या दवाखान्यात नेणं. त्याचं कागदावरचं नाव स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. एवढं नाव घ्यायला दुखणाईताला आणि त्याच्या माणसांना सवड नसते.

या दवाखान्याच्या कॉलेजातून मी गेल्या पोळ्यानंतर देहदानाचा फॉर्म आणला. खिशात घडी करून आणला आणि संध्याकाळी घरात बाजेवर ठेवला. त्यावर घरच्यांची संमती लागते. बायकोनं विचारलं, हा कागद कशाचा? मी सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर तशीच करपू दिली.

“आवं, पोरं काय मेली का तुमची?” ती म्हणाली. “जलमभर रानात राबलात, आन् शेवटाला त्या पोरासोरांच्या ताब्यात द्यायचं व्हय, चिरायला? कावळा कशाला शिवंल मंग?”

मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. मी दहावी शिकलेला माणूस. बोलताना माझा घोळ होतो, लिहिताना त्यापेक्षा जरा बरं जमतं. म्हणून मनात होतं ते इथं पहिल्यापासून लिहितो आहे.

सुरुवात दवाखाना नव्हता तिथून करावी लागेल.

१९६७ सालचा पावसाळा असेल. मी सात वर्षांचा होतो. धाकटी चुलती बाळंतपणाला अडली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सुईण हाताची सराईत होती, गावातली निम्मी पोरं तिच्याच हातची. ती शेवटी बाहेर येऊन बापाला म्हणाली, “लेकरू आडवं आलंय. मपल्या हातचं न्हाई ऱ्हायलं आता.” रात्री गाडी जुंपली. गाडीत कडबा, त्यावर वाकळ, वर ताडपत्री. आमची काळी जमीन पावसात काय होते ते आमच्याकडं राहिलेल्यालाच ठाऊक. चाक आऱ्यापर्यंत रुतायचं, बैल गुडघ्यावर यायचे. बाप आणि चुलता चाकाला खांदा लावत होते. उजाडायच्या आधीच चुलती गाडीत गेली. लेकरूही गेलं. निम्मा रस्तासुद्धा झाला नव्हता. बापानं तिथूनच गाडी वळवली.

आमच्या घरात तेव्हा कुणी कुणाला दोष दिला नाही. ‘तिचं तेवढंच होतं’ असं आजी म्हणाली आणि सगळ्यांनी ते मानलं. त्या काळी असं प्रत्येक घरात होतं. कुणाची बहीण, कुणाची भावजय, कुणाचं तापानं गेलेलं पोर. सगळ्यांचं ‘तेवढंच’ होतं.

आमचा मुलूख निजामाचा. अंबाजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणायचे आणि तिथं हैदराबादच्या घोडदळाची छावणी असायची. घोड्यांची आणि शिपायांची बडदास्त व्हायची, रयतेला मात्र मोठा दवाखाना म्हणजे हैदराबाद. १९०८ साली मुसी नदीला मोठा पूर आला, शहर वाहून गेलं, तिथला जुना दवाखानाही गेला. त्या पुरात एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली, असं सांगतात. ते झाड ज्या आवारात आहे तिथंच पुढं मीर उस्मान अली खानाच्या काळात उस्मानिया दवाखाना उभा राहिला. महालासारखा घुमटांचा. आमच्या गावचे एक-दोन म्हातारे तिथं जाऊन आलेले होते. दुखण्याचं काय झालं ते कमी सांगायचे आणि इमारतीचं जास्त.

आणखी एक गोष्ट मला मोठेपणी वाचायला मिळाली. हिवताप डासामुळं पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली शोधलं ते सिकंदराबादेत, म्हणजे आमच्याच संस्थानात. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या वाडीवस्तीवर माणसं हिवतापानं कुडकुडून मरत होती. शोध लागला म्हणून औषध गावाला पोचतं असं नाही. मधे रस्ता लागतो, दवाखाना लागतो, त्यात बसणारा डॉक्टर लागतो.

१९४८ साली निजामी गेली. १९५६ साली औरंगाबादला मेडिकल कॉलेज निघालं, ज्याला सगळा मराठवाडा आजही ‘घाटी’ म्हणतो. पण आमच्या गावापासून औरंगाबाद दोनशे किलोमीटरच्या आसपास. ज्याच्याकडं पैसे असतील तो दुखणाईताला बार्शीला न्यायचा, सोलापूरला न्यायचा, फारच झालं तर मिशनच्या दवाखान्यात मिरजेला. पैसा नसलेला देवाला कौल लावायचा. पान लागलं तर मारुतीच्या पारावर नेऊन बसवायचे. साप चावला असं म्हणत नसत, पान लागलं म्हणत. लिंबाचा पाला चघळायला द्यायचे. कडू लागला तर वीख नाही म्हणायचे.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी बारा वर्षांचा. शाळा सुटली की आईबरोबर खडी फोडायला जायचो. सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. त्याच साली जानेवारीत स्वामी रामानंद तीर्थ वारले होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते पुढारी हे सगळ्यांना माहीत आहे. पण अंबाजोगाईशी त्यांचं नातं त्याआधीचं, मास्तराचं. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून ते मोमिनाबादला आले आणि योगेश्वरीच्या शाळेत त्यांनी पोरं घडवली. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढं सत्याग्रहात गेली, तुरुंगात गेली. स्वातंत्र्य मिळाल्यावर तीच माणसं विचारू लागली, की संस्थान गेलं, महाराष्ट्रात आलो, पण मराठवाड्याला मिळालं काय? १९७४ साली त्यातूनच विकासाचं आंदोलन पेटलं. वसमतला गोळीबार होऊन विद्यार्थ्यांचे जीव गेले. रेल्वे पाहिजे, नोकऱ्या पाहिजेत, शिक्षण पाहिजे, ही मागणी होती.

त्याच धामधुमीच्या काळात, १९७४-७५ साली, अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि त्याला स्वामीजींचं नाव मिळालं. मेडिकल कॉलेज म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर अशी रीत होती. फार तर औरंगाबाद, सोलापूर. तालुक्याच्या गावाला, जिथं तेव्हा रेल्वे नव्हती आणि आजही नाही, तिथं सरकारनं कॉलेज काढलं. आमची माणसं अभिमानानं सांगतात, आशिया खंडातलं हे पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचं कॉलेज १९६९ चं आहे, ते आधीचं. पण ते गांधीजींच्या मागं राहिलेल्या संस्थेनं चालवलेलं. सरकारनं स्वतः खेड्यातल्या माणसासाठी म्हणून नावातच ‘ग्रामीण’ घालून काढलेलं कॉलेज आमचं. माझ्या लेखी मोठेपणा पहिल्या-दुसऱ्या नंबरात नाही. तो जागा निवडण्यात आहे.

संस्थापक अधिष्ठाता होते डॉ. व्यंकटराव डावळे. अधिष्ठाता हा शब्द आम्हाला तेव्हा नवा होता. आमच्याकडं ‘डीनसाहेब’ म्हणायचे. पुढं कितीही डीन आले तरी जुनी माणसं दवाखान्याचं काही निघालं की अजून डावळे साहेबांचं नाव घेतात.

१९७५ साल मला दुसऱ्याही कारणानं लक्षात आहे. आमची दहावीची पहिलीच बॅच. त्याआधी अकरावीला मॅट्रिक असायची. मी पास झालो, पण पुढं शिकवायची घरची ऐपत नव्हती. नांगराला लागलो. त्याच सुमाराला आंब्याला पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. बाजाराला गेलं की पांढरे कोट दिसायचे. मी सायकलला पाय लावून बघत राहायचो. खोटं कशाला बोलू, हेवा वाटायचा.

कॉलेजाचा दवाखाना आणि साधा सरकारी दवाखाना यांत फरक काय, ते सांगायला पाहिजे. साध्या दवाखान्यात एक-दोन डॉक्टर असतात, ते रजेवर गेले की खुर्ची रिकामी. कॉलेजाच्या दवाखान्यात डॉक्टरांची उतरंड असते. वर प्राध्यापक, मग सहयोगी, मग शिकाऊ निवासी डॉक्टर, त्याखाली इंटर्न, त्याखाली विद्यार्थी. रात्री दोनला गेलात तरी कुणीतरी जागं असतंच. डोळ्याचा वेगळा, हाडाचा वेगळा, बायकांचा, लेकरांचा, छातीचा असे विभाग एकाच आवारात. सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला येतात, मागं दहा-बारा पोरं. ते कॉटपाशी थांबून पोरांना प्रश्न विचारतात. दुखणं आपलं, परीक्षा त्यांची. सुरुवातीला हे कॉलेज औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेलं होतं. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, तेव्हापासून त्याच्याकडं गेलं. विद्यापीठ कुठलं का असेना, त्यांचं मोठं पुस्तक म्हणजे आम्ही. आमच्या खोकल्यावर, आमच्या मोडलेल्या हाडावर, आमच्या बायकांच्या बाळंतपणावर ती पोरं शिकली.

पहिली काही वर्षं गावातली माणसं घाबरायची. तिथं माणसं चिरतात, मुडदे औषधात घालून ठेवतात, गरिबावर प्रयोग करतात, अशा वावड्या. मुडद्याची गोष्ट खरी होती, पण तिचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. माणसाचं शरीर आतून बघितल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही. मुंबई सरकारनं त्यासाठी १९४९ सालीच कायदा केलेला आहे. बेवारस मेलेल्यांचे देह त्या कायद्यानं कॉलेजाला मिळतात आणि कुणाला स्वखुशीनं द्यायचा असेल तर तोही देता येतो. पण तेव्हा हे आम्हाला कोण सांगणार?

आमच्या घराची भीती गेली ती १९८३ च्या पावसाळ्यात.

धाकटा भाऊ आखाड्यावर भुईवर झोपला होता. पहाटे उठला तो पोटात दुखतंय म्हणत. सरड्यासारखं काही अंगावरून गेल्यागत वाटलं, एवढंच म्हणाला. चावल्याचा डाग दिसेना, सूज नाही, आग नाही. आम्ही ओवा दिला. तासाभरात त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. उघड म्हटलं तरी उघडेनात. बोलताना जीभ जड. आई म्हणाली, पान लागलंय, पाराकडं न्या. बापानं एकदा पाराकडं बघितलं आणि म्हणाला, “न्हाई. आंब्याला.” त्याच्या डोळ्यापुढं ती वळवलेली गाडी आली असणार, असं मला वाटतं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

गावातून दुधाची जीप जात होती, तिच्यात टाकला. दवाखान्यात पोचलो तेव्हा श्वास तुटत होता. एका शिकाऊ डॉक्टरनं पापणी वर करून बघितली आणि म्हणाला, मण्यार. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक, दुखत नाही, म्हणून घरच्यांना कळतच नाही. तिचं वीख नसांना गुंगवतं आणि माणूस श्वास घ्यायचा थांबतो. सापाच्या विषावरची लस त्याला दिली. ही लस मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून करतात. घोड्याला थोडं थोडं वीख देऊन पचवायला लावायचं आणि त्याच्या रक्तातून उतारा काढायचा. लस दिली तरी श्वास चालू ठेवायचा होता. नळी घातली आणि तिला रबरी फुगा लावला. डॉक्टरनं फुगा दाबून दाखवला. एक, दोन, तीन म्हणायचं आणि दाबायचं. मग तो फुगा माझ्या हातात दिला.

त्या रात्री मी, चुलता आणि शेजारच्या कॉटवरच्या दुखणाईताचा मेहुणा, अशा तिघांनी पाळीपाळीनं तो फुगा दाबला. तो मेहुणा परळीकडचा, आमची ना ओळख ना पाळख. शिकाऊ डॉक्टर घडी घडी येऊन नाडी बघत होता. पहाटे तो माझ्याच बाजूला भिंतीला टेकून बसला. माझ्याच वयाचा होता. म्हणाला, “हात दुखायला लागला का?” मी म्हणालो, “दुखू द्या साहेब.” दुसऱ्या दिवशी दुपारी भावानं पापणी उचलली. तिसऱ्या दिवशी पाणी मागितलं.

घरी आल्यावर आजी दारातच बसलेली. तिनं भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, “मंग त्या पोरीचं बी तेवढंच नव्हतं की रे.” ती सोळा वर्षांपूर्वीच्या सुनेबद्दल बोलत होती. दवाखान्यानं आमच्या घरात काय बदललं, असं कुणी विचारलं तर मी आजीचं हे वाक्य सांगतो. तोवर आमच्यात मरण हे नशिबात असायचं. त्या दिवसापासून ते अंतरात असतं, उशिरात असतं, असं आम्हाला कळलं. आणि जे अंतरात असतं त्याबद्दल माणूस भांडू शकतो.

तीन वर्षांनी माझी लेक त्याच दवाखान्यात झाली, पोट उघडून. तीही आडवीच होती. गाडी न वळवता आम्ही तिघं घरी आलो. बायको त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड अजून पेटीत ठेवते, लग्नातल्या शालूच्या घडीत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली भरल्या, तेव्हा आमच्या जिल्ह्याची देशभर छी थू झाली. तो आकडा वाचला की मला ते कार्ड आठवतं. यंत्र तेच, डॉक्टरही त्याच विद्येचा. कुणी त्यातून जीव वाचवतो, कुणी पोटातली पोर मारतो.

काळाबरोबर आजार बदलले. १९७५ च्या सुमाराला देशातून देवी गेली. आमच्या बारवांतल्या पाण्यातून होणारा नारू, पायातून दोऱ्यासारखा काडीवर गुंडाळून काढायचा, तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत देशातून नाहीसा झाला. आजच्या पोरांना नारू सांगितला तर खोटं वाटतं. १९७७ साली सरकारनं एक योजना काढली, की प्रत्येक मेडिकल कॉलेजानं आसपासच्या खेड्यांची जबाबदारी घ्यायची आणि शिकाऊ पोरांना तिथं न्यायचं. दुखणाईत दवाखान्यात आल्यावर कळत नाही की तो कोणतं पाणी पितो आणि त्याच्या चुलीचा धूर कुठं जातो. ते घरी जाऊनच कळतं.

आणि नवी दुखणी आली. फवारणीची औषधं आली तशी ‘औषध प्यालेली’ माणसं आली. नापिकी, कर्ज, घरातलं भांडण, कारण काहीही. आमच्या भावकीतला एक जण असाच नेला होता. उताऱ्याच्या इंजेक्शनानं माणूस बरळायला लागतो, अंथरूण ओरबाडतो. चार दिवस त्याचे हात बांधून ठेवावे लागले. तो वाचला. आज त्याला नातू आहे, नातवाला खांद्यावर घेऊन पारावर बसतो. त्या विषयावर गावात कुणी बोलत नाही, आणि तेच बरं.

दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातली निम्मी खेडी रिकामी होतात. कोयता घेऊन नवराबायको कारखान्यांना जातात. नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. बाई बाळंत झाली तरी पाचट सोडत नाही, कारण खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पोटात दुखलं तर ती पहिल्यांदा खाजगीत जाते, कारण सरकारी दवाखान्यात नंबर लावण्यात दिवस मोडतो. त्याचं पुढं काय झालं ते २०१९ साली सगळ्या राज्याला कळलं. सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात चाळिशीच्या आतल्या कितीतरी. त्यानंतर जिल्ह्यात नियम झाला की खाजगी दवाखान्यानं पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यायची. सरकारी दवाखान्याच्या गर्दीवर आम्ही नाक मुरडतो. पण तिथं पिशवी काढण्यात कुणाला नफा नसतो, हे आम्ही विसरलो त्याची किंमत आमच्या बायकांनी दिली.

मी स्वतः शहाणा नाही. आठ वर्षांपूर्वी मीसुद्धा छातीत दुखलं म्हणून पोरांच्या आग्रहानं दूरच्या शहरातल्या एका चकचकीत खाजगी दवाखान्यात गेलो. नाव घेत नाही. पाच दिवसांत एक एकर विकायची पाळी आली. बरा झालो, हे खरं. पण गाडीतून परत येताना सारखं वाटत होतं, की हीच तपासणी, हाच सल्ला मला आधी आंब्याला मिळाला असता का? विचारूनच बघितलं नाही. ज्याच्या हातात चार पैसे आले तो सरकारी दवाखाना सोडतो. मागं राहतात ते ज्यांचं कुणी ऐकत नाही. मग त्या दवाखान्यात यंत्र बंद पडलं, औषध संपलं, तर बोंब मारायला गावातला वजनदार माणूस तिथं नसतोच.

या विसरण्याचं फळ कोरोनात दिसलं. आंब्याच्या अलीकडं लोखंडी सावरगावला मोठं कोविड केंद्र उभं केलं, दवाखाना भरून वाहत होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये या दवाखान्यातून बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत घालून स्मशानात नेले, ती बातमी देशभर गेली. रुग्णवाहिका दोनच आहेत, असं तेव्हा प्रशासनानं सांगितलं. टीव्हीवर ते बघून लोकांनी दवाखान्याला शिव्या घातल्या. राग बरोबर होता. मेलेल्या माणसाला एवढाही मान मिळू नये, हे वाईटच. पण मी विचार करत होतो, की एवढ्या मोठ्या दवाखान्याला रुग्णवाहिका दोनच का, हे आपण त्याच्या आदल्या साली का विचारलं नाही? आमदारकीच्या सभेत मंदिराचा सभामंडप मागणारे आम्हीच. आणि त्याच बावीस जणांच्या आधी, त्याच वार्डातून, ऑक्सिजन लावून बरी होऊन घरी आलेली माणसं आमच्या गावातही आहेत. त्या वार्डात रात्रंदिवस उभी होती ती शिकाऊ पोरंच. वय पंचवीस-सव्वीस. आपल्या नातवंडांएवढी.

आता माझी या पोरांबद्दल एक तक्रार आहे, ती लिहितो. आमच्यावर शिकतात आणि शहरात जातात. बाँड म्हणून वर्षभर खेड्यात काढायचं असतं, त्यातही पळवाट शोधणारे असतात. एकदा वार्डात मी एका शिकाऊ डॉक्टरला हे तोंडावर विचारलं. तो विदर्भातल्या शेतकऱ्याचा मुलगा. म्हणाला, “काका, गावात राहिलो तर ऑपरेशन कुठं करू? भूल द्यायला माणूस नाही, रक्त नाही. डॉक्टर एकटा काही करू शकत नाही.” मला पटलं. बैल चांगला असला तरी औत पाहिजे, जू पाहिजे. पण सगळेच गेले असं नाही. आमच्या आसपासच्या तालुक्यांच्या गावांत आज जे डॉक्टर आहेत त्यांतले बरेच जण आंब्याला शिकलेले. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला शिकले आणि महाडसारख्या गावात राहून त्यांनी विंचवाच्या दंशावरचा उपचार जगाला दाखवला. इंगळी चावून पोरं मरायची, ती त्या उपचारानं वाचायला लागली. खेड्यात राहूनही विद्या वाढते, फक्त कुणीतरी तिथं राहायला पाहिजे.

तर फॉर्मचं असं आहे.

फॉर्म घ्यायला शरीररचनेच्या विभागात गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी बसायला खुर्ची दिली. देहदान कधी घेत नाहीत तेही सांगितलं. अपघातानं गेलो, पोस्टमार्टेम झालं किंवा संसर्गाचा आजार असला तर देह घेत नाहीत. मेल्यावर काही तासांत पोचवावा लागतो. म्हणजे इथंही अंतराचाच प्रश्न. पण आता डांबरी रस्ता आहे.

मला पुण्य वगैरे कमवायचं नाही. माझा हिशेब साधा शेतकऱ्याचा आहे. ज्या रानातून पीक घेतलं त्या रानाला शेणखत परत द्यावं लागतं. नुसतं घेत राहिलं तर दहा वर्षांत रान नापीक होतं. या दवाखान्यातून आमच्या घरानं एक भाऊ घेतला, एक बायको घेतली, एक लेक घेतली. केसपेपरचे पाच-दहा रुपये दिले, त्यात हे फिटत नाही. आणि माझ्यावर शिकणारं पोर उद्या कुठल्याशा गावात रात्री दोन वाजता कुणाच्या तरी पापण्या वर करून ‘मण्यार’ म्हणेल, तर माझं मेल्यानंतरचं शरीर चितेपेक्षा तिथं जास्त कामाला येईल.

हे सगळं मी बायकोला वाचून दाखवलं. चुलतीच्या ठिकाणी ती रडली. भावाच्या ठिकाणी म्हणाली, फुगा दाबायला मीसुद्धा होते की दुसऱ्या दिवशी, ते काहून लिव्हलं नाही? खरं आहे, राहून गेलं होतं. आता लिहिलं.

सही तिनं अजून केलेली नाही. डोळ्यांच्या फॉर्मवर केली, तेही दोघांच्या. बाकीच्याबद्दल म्हणते, “आधी त्या पोरांना विचारून या, मानसासारखं ठिवत्यात का. मंग बघू.”

येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं जोडीनं जाणार आहोत. तिला स्वतःच विचारायचं आहे.